‘शेतातच तर चालवायचीय’ म्हणत वाकडी गाडी आमच्या गळ्यात मारू नका



आज टोमॅटोवर काही नाही, करप्यावर नाही. आज गाडीवर लिहितोय, कारण एक वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. जुनी फोर बाय फोर घ्यायला गेलेला आपला माणूस गाडीखाली वाकतो, चासीवर वेल्डिंगचा डाग बघतो आणि विचारतो, हे काय? की समोरून ठरलेलं उत्तर येतं, “अहो, शेतातच तर चालवायचीय!” डीलर म्हणतो, एजंट म्हणतो, मेकॅनिक म्हणतो. कधी कधी सोबत आलेला घरचा मेव्हणासुद्धा म्हणतो. आणि आपला माणूस मान डोलावतो. खरंच की, शेतातच तर चालवायचीय. काय हायवेला शर्यत लावायचीय?

हे वाक्य साफ खोटं आहे. उलटं आहे. डांबरी रस्त्यावर एकटादुकटा माणूस बसवून चाललेली गाडी वाकड्या चासीवर दहा वर्षं ढकलता येईल. शेतात, बांधावर, ओढ्यात, पाऊण टन माल घालून चाललेली ढकलता येणार नाही. सरळ चासीची गरज सगळ्यात जास्त कुणाला असेल तर ती आपल्याला. आणि सगळ्यात वाकड्या गाड्या येतात त्याही आपल्याकडंच. शहरातलं गिऱ्हाईक मशीन लावून, सर्व्हिसचा रेकॉर्ड काढून गाडी घ्यायला लागलंय. तिथं जी खपत नाही ती रंग मारून, नवे टायर चढवून, बोनेटवर लिंबूमिरची बांधून तालुक्याच्या गावाला येते. आम्ही काय त्यांचा उकिरडा आहोत?

मी दहावी पास माणूस, इंजिनिअर नाही. पण तीस वर्षं जीप, ट्रॅक्स, पिकअप असल्याच गाड्या वापरतोय आणि लोखंड कळतं तेवढं कळतं. म्हणून सविस्तर सांगतो.

बोलेरो, थार, स्कॉर्पिओ, जिप्सी, जुन्या जीपा, सगळ्या पिकअप, या गाड्यांना खाली शिडी असते. दोन लांब पट्ट्या पुढून मागपर्यंत, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. हीच चासी. इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंग, पाटे, सगळं तिच्यावर टांगलेलं. बॉडी वरून रबरी बुशांवर बोल्टांनी बसवलेली असते. साध्या छोट्या कारला ही शिडी नसते, तिथं बॉडी हीच चासी. आपल्या गाड्यांचं मात्र तसं नाही, आणि इथंच फसवणुकीला जागा होते. बॉडी उचलून बाजूला ठेवता येते, नवी बसवता येते, दारं बदलता येतात, बोनेट बदलता येतं. वरून गाडी नवरीसारखी दिसते आणि खाली शिडी तिरकी ती तिरकीच. सदरा बदलला म्हणून मोडलेलं हाड जुळत नाही.

आता शेतात काय होतं ते बघा. गाडी बांध तिरका ओलांडते तेव्हा पुढचं डावं चाक वर आणि मागचं उजवं वर, बाकीची दोन खाली. बाजेच्या एका पायाखाली वीट ठेवल्यावर बाजेला जसा पीळ बसतो तसा शिडीला बसतो. चांगली शिडी हा पीळ घेते आणि सोडते. ती त्यासाठीच बनवलेली आहे. पण तिला कुठं चुणी पडली असेल, कुठं आडवा वेल्ड मारला असेल, तर सगळा पीळ त्याच एका जागी गोळा होतो. मांडवाची बाइंडिंग तार हातानं मागंपुढं वाकवून बघा. सात-आठ वेळात तुटते, आणि तुटते ती जिथं पहिल्यांदा वाकली तिथंच. डांबरी रस्त्यावर असला मोठा पीळ दिवसातून एखाद्या वेळी बसत असेल. आपल्याकडं घरापासून प्लॉटपर्यंत जातानाच दहा वेळा बसतो, येताना माल घालून पुन्हा दहा वेळा.

गॅसचं तर त्याहून वाईट. गावाकडच्या गॅरेजमध्ये वाकलेली पट्टी सरळ करायची पद्धत काय? एका बाजूला झाडाला नाहीतर ट्रकला साखळी, दुसऱ्या बाजूला जॅक, आणि मधी गॅसनं लालभडक करायची. लोहाराच्या भट्टीवर बसलेल्या कुणालाही विचारा. कुऱ्हाड लाल करून तशीच गार होऊ दिली तर काय होतं? पाणी उतरतं. दिसायला कुऱ्हाड तीच, पण लाकडावर मारली की धार वळते. मजबूत जातीच्या पोलादाची पट्टी गॅसवर लाल केली की तिचाही जोर तसाच जातो. सरळ दिसते, ताकद राहत नाही. नीट काम करणारे बेंचवर गाडी बांधून, माप बघत बघत, थंडच ओढतात, आणि चुणी पडलेली असेल तर तो भाग नाहीतर सगळी चासीच बदलतात. त्याला पैसा लागतो. जुनी गाडी विकायलाच बसलेला माणूस तो कशाला घालेल?

आणि हौद्यात कोण असतं ते आधी आठवा. कांदा लागवडीच्या दिवसांत सकाळी फाट्यावर उभं राहून बघा, एकेका पिकअपमध्ये बारा-बारा, पंधरा-पंधरा बाया. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, आणि ते थांबलं पाहिजे. पण आज ते चालू आहे. त्या बायांपैकी एकीलाही गाडीचा पुढचा डावा रेल गॅसवर सरळ केलाय हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांची रोजची मजुरी किती आणि जीव किती, हा हिशेब डीलरच्या त्या वाक्यात कुठं बसतो?

मला राग येतो तो आपल्याच लोकांचाही. बैल घ्यायचा म्हटलं की आपण काय करतो? तोंड उघडून दात बघतो. दोन दाती का चार दाती. खूर उचलतो, शेपटी ओढतो, चालवून बघतो, वळवून बघतो. बोलीवर घेतो, औताला लावीन, चालला तर पैसे. एका बैलाला अख्खा बाजार घालवतो. आणि पाच-सहा लाखांची गाडी? स्टार्ट केली, धूर बघितला, रेस मारली, टायरला लाथ मारली, चहा पिला, टोकन दिलं. पंधरा मिनिटं. खाली वाकायला कुणी तयार नाही, कारण पांढरी कापडं घालून गेलेलो असतो.

गेल्या महिन्यातलं सांगतो. माझा पुतण्या नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो घालतो. रान डोंगराच्या कडंला, पावसाळ्यात शेवटचा एक किलोमीटर नुसता चिखल, म्हणून फोर बाय फोर पिकअप पाहिजे होती. २०१८ चं मॉडेल, ५ लाख ४० हजार सांगितले. मेकॅनिक घेऊन गेला, मेकॅनिक म्हणाला एक नंबर. मला फोन आला, “तात्या, टोकन देऊ का?” म्हटलं थांब, मी येतो, आणि येताना गवंड्याकडनं ओळंबा घेऊन येतो. डीलर हसला. म्हणाला, “तात्या, गाडी घ्यायचीय का बंगला बांधायचाय?” चक्कर मारून बघतो म्हणून गाडी बाहेर काढली ती थेट भुईकाट्याशेजारच्या काँक्रीटवर नेली. अर्ध्या तासात कळलं. पुढच्या अर्ध्या भागाचे दोन कर्ण २१ मिलिमीटरनं चुकत होते. चाकाच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत डावी बाजू उजवीपेक्षा ९ मिलिमीटर आखूड. डाव्या रेलवर पुढच्या बाजूला हातभर जागेतच ताजा काळा रंग, बाकी सगळी चासी धुळकट. खरवडलं तर खाली वेल्ड. परत गेलो, दाखवलं. तो माणूस जरासुद्धा ओशाळला नाही. तेच वाक्य. वर पंचवीस हजार कमी करतो म्हणाला. म्हणजे त्याला माहीत होतं, भावसुद्धा तयार होता. मेकॅनिक तेवढ्यात कुठं गायब झाला ते कळलं नाही.

मेकॅनिकचं एवढंच म्हणतो की जो माणूस दोन्हीकडनं पैसे घेतो तो तुमचा नसतो. त्याला आधी विचारा, गाडी घेतली नाही तर तुझे किती? तेवढे हातावर ठेवा. नाही घेतली तरी पैसे मिळतात म्हटल्यावर त्याचे डोळे उघडतात.

आता मोजायचं कसं. घराचा पाया आखताना गवंडी काय करतो? चार खुंट्या ठोकतो आणि दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे आले म्हणजे काटकोन बरोबर, नाहीतर खोल्या तिरक्या. चासीचंही हेच. गाडी सपाट काँक्रीटवर सरळ उभी करा, स्टेअरिंग सरळ. चासीवर दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे असे कंपनीचे बिंदू निवडा. पुढं सस्पेन्शनचा बोल्ट, मधी आडव्या पट्टीचा जोड, मागं पाट्याच्या हँगरचा बोल्ट. बॉडीवरचा बिंदू घेऊ नका, बॉडी बुशांवर सरकते. प्रत्येक बिंदूवरनं ओळंबा सोडा, जमिनीवर खडूनं फुली मारा. गाडी पुढं काढा. आता जमिनीवर फुल्या उरल्या, त्यांचे कर्ण स्टीलच्या टेपनं मोजा. एकदा पुढच्या भागाचे, एकदा मागच्या, एकदा पुढून मागपर्यंत सगळे. तुकड्यातुकड्यानं मोजायचं कारण असं की धडक बहुतेक वेळा पुढून बसते आणि वाकडेपणा पुढच्याच भागात असतो. नुसता मोठा कर्ण घेतला तर तो झाकला जातो. पाच-सहा मिलिमीटरचा फरक ओळंब्याच्या हलण्यात आणि खडूच्या जाडीत जातो, तेवढ्यावरनं भांडू नका, पुन्हा एकदा मोजा. सेंटिमीटरच्या वर गेलात की गाडी तिथंच सोडा.

कर्ण जुळले तरी पीळ राहू शकतो. त्यासाठी दोन सरळ पाइप घ्या, अर्ध्या इंचाचे, पाच-पाच फुटांचे. एक पुढच्या बाजूला दोन्ही रेलच्या खालून आडवा घट्ट बांधा, दुसरा तसाच मागं. मग समोर जमिनीला डोकं टेकवून बघा, पुढचा पाइप मागच्याशी समांतर दिसतो का. एका टोकाला मिळाला आणि दुसऱ्या टोकाला फट पडली तर शिडीला पीळ आहे. पाटे बसलेले असले, एका टायरात हवा कमी असली, तरी दोन्ही पाइप सारखेच कलतात, म्हणून ही पद्धत फसत नाही. नुसती जमिनीपासून उंची मोजणारे फसतात.

मोजायच्या आधी डोळ्यांनी बघायचं ते वेगळं. पुढं खाली बसा आणि रेलच्या काठावरनं मागं नजर टाका, नांगरलेल्या तासाकडं बघतो तसं. लाट दिसते का, चुणी दिसते का? पुढच्या एक्सलच्या आसपास आणि स्टेअरिंग बॉक्स जिथं बसतो तिथं जास्त वेळ द्या. कंपनीचा वेल्ड एकसारखा असतो, शिवणयंत्राच्या टाक्यासारखा. हातचा वेल्ड कुठं जाड, कुठं पातळ, बाजूला ठिणग्यांचे दाणे चिकटलेले. रेलच्या वरच्या आणि खालच्या काठावर आडवा टाका असला तर तो सगळ्यात वाईट, कारण भार काठांवर येतो. सुतार तुळईच्या मधोमध भोक पाडील, काठाला खाच कधी करणार नाही. गाडीखाली एकाच जागी नवाकोरा काळा रंग दिसला तर स्क्रूड्रायव्हरनं खरवडायचं. मालक नको म्हणाला तर उत्तर मिळालं. लोहचुंबक जवळ ठेवा, खड्डे पुट्टीनं भरलेले असले तर तिथं चिकटत नाही.

पिकअप असेल तर केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना बोट घालून बघा. एकीकडं दोन बोटं आणि दुसरीकडं एक, असं असलं तर बॉडीच्या बुशाखाली वॉशर किती घातलेत ते मोजा. फट जुळवायला वॉशरवर वॉशर चढवलेले मी स्वतः बघितलेत. मग एक पुढचं चाक बांधावर नाहीतर मोठ्या दगडावर चढवा आणि दारं उघडझाप करून बघा. थोडं घट्ट वाटेल, ते चालतं. अडकून बसलं तर नाही.

मग मातीच्या रस्त्यावर धूळ असेल तिथं, नाहीतर चाकं ओली करून कोरड्या काँक्रीटवर, वीस-पंचवीस पावलं गाडी नाकासमोर चालवा आणि मागं जाऊन चाकोरी बघा. मागची चाकं पुढच्या चाकांच्या एका बाजूला पडतात का? खेकड्यासारखी तिरकी चालते का? इथं एक सावधगिरी. पाट्याचा मधला बोल्ट तुटला तरी एक्सल सरकतो आणि गाडी अशीच तिरकी चालते. तो खर्च किरकोळ. तेव्हा तिरकी दिसली की आधी पाटा बघा, मग चासीवर आळ घ्या. तसंच फोर बाय फोर टाकून डांबरावर पूर्ण वळवलं की या गाड्या आखडतात, ते साहजिक आहे, त्याला बिघाड समजू नका. ती चाचणी मातीतच करायची. पण सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाला प्रोपेलर शाफ्टची थरथर येत असेल आणि मालक सांगत असेल की क्रॉस नुकतेच बदललेत, तर क्रॉस पुन्हा पुन्हा का जातात ते विचारा. गिअरबॉक्स आणि एक्सल एका रेषेत नसले तर नवा क्रॉससुद्धा टिकत नाही.

कृषी सहायक, खत-औषध कंपन्यांचे फिल्डवाले भाऊ हे वाचत असतील त्यांना एक सांगतो, तुमच्याही कामाचं आहे. पोटॅश, अमोनियम सल्फेट, कोंबडीखत, हे ज्या हौद्यात सांडतं त्याच्याखालची चासी आतून खाते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं हे तुम्हीच आम्हाला द्राक्षाच्या आणि तंबाखूच्या वेळी शिकवता. लोखंडालाही ते तसंच बाधतं. रेलच्या पोटात चिखल भरून राहिला की ओल जात नाही. छोट्या हातोडीनं टकटक करत जा. टणटण वाजलं तर ठीक, थपथप वाजलं तर आत माल उरलेला नाही. कोकणातनं, समुद्राकाठच्या गावातनं आलेली गाडी असेल तर ही टकटक दुप्पट वेळ करा. गंजलेल्या रेलला धडक बसलेली नसली तरी ती धडक बसल्यासारखीच आहे.

काही जण म्हणतील, तात्या, असं बघत बसलात तर जुनी गाडीच मिळणार नाही. आणि उसाच्या ट्रकच्या चाश्यांना पट्ट्या मारलेल्या असतात, त्या चालतात की! दोन्हीला उत्तर आहे. पहिलं म्हणजे प्रत्येक अपघात वाईट नसतो. बंपर गेला, मडगार्ड गेलं, बोनेट, दार, काच, रेडिएटर बदलला, याला मी हरकत घेत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीचं मडगार्ड बदललेलं आहे. रेलच्या पार पुढच्या टोकाचं बंपरचं ब्रॅकेट वाकून सरळ केलं असेल आणि मापं जुळत असतील, तर भाव पाडून घ्या खुशाल. मी फक्त शिडीबद्दल बोलतोय. दुसरं म्हणजे ट्रकच्या चासीला जी पट्टी मारतात ती जाड उघड्या चॅनलला, रेलच्या लांबीला धरून, नेमून दिलेल्या पद्धतीनं मारायची असते, आणि ती आहे हे मालकाला, ड्रायव्हरला, घेणाऱ्याला, सगळ्यांना माहीत असतं, भावही त्याप्रमाणं असतो. आपल्या गाडीवरची पट्टी रंगाखाली लपवलेली असते. चांगली असती तर लपवली असती का?

आता सरकारकडं वळतो, कारण सगळा दोष डीलरचा नाही. आरसीवर गाडीचा रंग असतो, सिलिंडर किती ते असतं, वजन असतं, कर्ज कुणाचं ते असतं. या गाडीचा मोठा अपघात झाला होता का, याचा रकाना नाही. आपल्याकडं विम्याची रीत अशी की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. विमा मालकाला मिळतो आणि सांगाडा लिलावात जातो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५ सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. पण लिलावात घेणारा म्हणतो, निकामी कुठं, मी दुरुस्त करतोय की! आणि त्याच नंबरानं, त्याच आरसीवर गाडी पुन्हा रस्त्यावर. विमा कंपनीच्या कॉम्प्युटरात सगळं लिहिलेलं आहे. आरटीओच्या कॉम्प्युटरात गाडीची जन्मकुंडली आहे. ही दोन कॉम्प्युटरं एकमेकांशी बोलत का नाहीत? सातबाऱ्यावर बोजा चढतो, विहीर चढते, कूळ चढतं. गाडीच्या सातबाऱ्यावर तिचा अपघात चढायला कुणाची हरकत आहे? ज्यांची आहे त्यांनी पुढं येऊन सांगावं.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद ऑनलाइन करावी लागते. चांगली गोष्ट आहे. तुमचा डीलर ते पत्र भिंतीवर लावतो का, ते बघा. पण त्या नोंदीतही चासीला मार आहे की नाही हे त्यानं सांगायचं बंधन नाही.

तोवर जे हातात आहे ते करायचं. विम्याचा कागद मागा, नुसता चालू विमा नको, मागच्या दोन-तीन वर्षांचे. त्यात नो क्लेम बोनस बघा. क्लेम नसेल तर तो वर्षागणिक २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. सहा वर्षं एकाच मालकाकडं असलेल्या गाडीचा बोनस मधीच शून्य झाला असेल तर एकतर क्लेम घेतलाय, नाहीतर विमा तीन महिन्यांच्या वर बंद पडू दिलाय. कुठलं, ते त्यानं सांगावं. थर्ड पार्टीच विमा असेल तर यातनं काही कळत नाही, तेही लक्षात ठेवा. चासी नंबर १७ अक्षरा-आकड्यांचा असतो. तो रेलवर जिथं ठोकलेला आहे तिथं कागद ठेवून पेन्सिलनं छाप घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. नंबराभोवती ग्राइंडर फिरलेला दिसला, नंबराचा तुकडाच वेल्ड करून बसवलेला वाटला, तर तो नुसता अपघाताचा प्रश्न राहत नाही. तिथं भाव करत थांबू नका. काचांच्या कोपऱ्यावरचे सालाचे आकडे आणि सीटबेल्टच्या पट्टीवरची तारीख गाडीच्या सालाशी जुळते का, हेही दोन मिनिटांचं काम. एअरबॅग असलेली गाडी असेल तर चावी फिरवल्यावर तिचा दिवा लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी तो मारून टाकलाय.

आणि लिहून घ्या. ५०० च्या स्टॅम्पवर तीन ओळी. या गाडीच्या चासीला मार नाही, वेल्डिंग किंवा गॅसचं काम नाही, विम्यात टोटल लॉस झालेली नाही, खोटं निघालं तर सगळी रक्कम परत. नंबर, तारीख, सही, दोन साक्षीदार. ज्याची गाडी सरळ आहे तो हसत सही करतो. पुतण्यानं शेवटी शेजारच्या तालुक्यातल्या एका शिक्षकांची गाडी घेतली. दिसायला त्या डीलरच्या गाडीपेक्षा कळकट, हौदा पिचलेला, सीट फाटलेली, आणि वर वीस हजार जास्त. कर्णात तीन मिलिमीटर. गुरुजींनी सही करताना स्वतःच चौथी ओळ घातली, मागचा डावा पाटा एकदा बदललाय म्हणून.

ट्रॅक्टरचं थोडक्यात, कारण हमखास विचारणा होते. ट्रॅक्टरला अशी शिडी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकांना बोल्टांनी जोडून तोच कणा होतो. पलटी झालेल्या ट्रॅक्टरमध्ये त्या जोडांवर बघायचं. तेल पाझरतंय का, बोल्ट नवे आहेत का, ओतीव भागावर वेल्ड आहे का. त्यावर सविस्तर एकदा वेगळं लिहितो.

ओळंबा, स्टील टेप, खडू, दोन पाइप आणि सुतळी एवढं सामान लागतं, आणि दोन माणसं. भुईकाट्यावर मोजायला जाणार असाल तर काटेवाल्याला आधी विचारा. आमच्याकडं दुपारी दोन ते चार गर्दी नसते, आणि शेजारच्या काँक्रीटवर खडूच्या फुल्या मारल्या तर पुसून या, नाहीतर पुढच्या वेळी तो उभं करू देणार नाही.